नोंदींना हाक मारता येऊ द्या : राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली
आणि
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

स.न.वि.वि.

मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका लहान लॅबमध्ये काम करते. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, करून सोळा वर्षं झाली. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट छापून पाकिटात घालायचा. सकाळी सात ते अकरा उपाशीपोटीवाल्यांची गर्दी असते, दुपारनंतर जेवून आलेल्यांची. माणसांच्या आरोग्याच्या नोंदी ऑनलाइन आणायचं जे काम आपण देशभर हाती घेतलंय, त्यातली नोंद मुळात माझ्यासारख्या कुणाच्या तरी हातून तयार होते. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी आले. पन्नाशीचे असतील. पायाच्या अंगठ्याला जखम, दोन महिने भरत नव्हती. सर्जननी तपासणीला पाठवलं होतं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) निघाली ११.२ टक्के. रिपोर्ट करायला मी त्यांचा मोबाइल नंबर टाकला, तर जुन्या नोंदी आपोआप वर आल्या. २०१८ मध्ये ६.१. तेव्हा मुलीच्या लग्नाआधी सगळं घर तपासून घ्यायचं म्हणून आले होते. मग २०२१ मध्ये ७.४, कोविडनंतर थकवा जात नव्हता म्हणून. दोन्ही रिपोर्ट मीच छापलेले, खाली सहीच्या जागेशेजारी माझी आद्याक्षरं.

६.१ म्हणजे उंबरठा. ५.७ ते ६.४ च्या मधला माणूस अजून मधुमेही झालेला नसतो. जेवण, चालणं, वजन याकडं लक्ष दिलं तर बरेच जण तिथून मागं फिरतात, निदान पुढची वाट लांबवतात. त्यांच्या रिपोर्टवर तो आकडा ठळक अक्षरात होता आणि शेजारी संदर्भ-मर्यादा छापलेली होती. लग्नाच्या गडबडीत तो कागद कुणी वाचला असेल? २०२१ मध्ये गोळ्या सुरू झाल्या होत्या. महिन्याभरानं बरं वाटायला लागलं, पाकीट संपलं, पुन्हा आणलं नाही.

मी त्यांना तीनही आकडे एकाखाली एक लिहून दाखवले. दाखवायला नको होते असं नंतर वाटलं. ते म्हणाले, “ताई, ह्ये तुमच्याकडं आधीपासनं हुतं व्हय? मग मला कुणी बोललं का न्हाई?” पुढं तो अंगठा काढावा लागला.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. रोगाचा उंबरठा २०१८ मध्येच दिसला होता आणि माझ्या टेबलावरच्या संगणकात तारीखवार लिहिलेला होता. पण त्या संगणकाला हाक मारता येत नाही. माणूस स्वतःहून पुन्हा आला तरच त्यात साठलेली नोंद वर येते.

आमच्याकडं माणूस तपासायला येतो तेव्हा त्याच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. कापडदुकानाची, कधी खताच्या कंपनीची. तिच्यात एक्स-रे, दुमडून मऊ झालेले केसपेपर, थर्मल कागदावरचा ईसीजी, तोही उडून पांढरा पडलेला. हल्ली पिशवीऐवजी मोबाइल पुढं येतो. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पीडीएफने जातो, मोबाइल बदलला की तोही जातो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. दिवाळीनंतर टोळी हलते, सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत राहायचं. बीपीची गोळी कुठली चालू होती ते सांगणारा कागद गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत. तिकडच्या डॉक्टरला बाई सांगते, “पांढरी, बारीक गोळी होती.”

म्हणून आपलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. १५ ऑगस्ट २०२० ला सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला, २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर आलं. प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणारा ओळख-क्रमांक. नोंद जिथं तयार झाली तिथंच राहील, माणसानं संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसेल, ही रचना मला आजही योग्य वाटते. सरकारी रुग्णालयाच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर निघतो, म्हाताऱ्या माणसाचा रांगेतला तासभर वाचतो, हेही पाहिलंय.

देशात आज ७० कोटींहून जास्त आभा क्रमांक निघालेत. आमच्या गावातही बहुतेकांचे निघाले. शिबिर लागलं, आधारवर ओटीपी आला, कार्ड छापलं. लोकांनी ते लॅमिनेट करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. मी माझ्याकडं येणाऱ्यांना विचारते, आभा काढलंय का? “काढलंय की.” त्यात काय दिसतं, उघडून बघितलं का? यावर माणूस माझ्याकडंच बघत राहतो. काढलंय म्हणजे झालं, असं त्याला वाटतं, कारण त्याला सांगितलंही तेवढंच गेलंय. आशाताईला विचारलं जातं किती काढले. किती जणांनी त्याच्या आधारावर वेळेत तपासणी करून घेतली, असं तिला कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझी मागणी एकच आहे. ही नोंद माणसाच्या वतीनं तारखा लक्षात ठेवील आणि तारीख आली की त्याला हाक मारील, अशी करा. आजार झाल्यावर डॉक्टरला दाखवण्यापुरती ती राहिली, तर ती आमच्या प्लास्टिकच्या पिशवीची सुधारलेली आवृत्तीच ठरेल.

नियम तर आपल्याच सरकारचे आहेत. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा. तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी. आशाताई त्यासाठी घरोघर सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका जोखायची प्रश्नावली, भरते. तंबाखू, दारू, घरात कुणाला शुगर, आणि टेपनं कंबर मोजायची. बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, पुरुषाची ९० च्या वर, की गुण वाढतात, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की आधी तपासायला पाठवायचं. फॉर्म साधा आहे आणि चांगला आहे.

पण ते ‘दर पाच वर्षांनी’ हे शब्द घ्या. बाईनं आज तपासून घेतलं तर तिला पाच वर्षांनंतरची तारीख कशी आठवणार? तेवढ्यात एक बाळंतपण, दोन दुष्काळ, सासूचं आजारपण आणि मुलाची दहावी होऊन जाते. आशाताई बदलते. उपकेंद्रातल्या सिस्टरची बदली होते. पाच वर्षं विसरायचं नाही हे काम यंत्रालाच जमतं, आणि आपण देशभर यंत्रंच तर बसवलीत.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झाली आहे का. देशभरात होय म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. स्तनांच्या तपासणीला ०.९, तोंडाच्या तपासणीला ०.९.

बायका येत नाहीत, लाजतात, अडाणी आहेत, असं बैठकांमध्ये बोललं जातं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट सांगते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक मोठी पाहणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका. गावोगाव जाऊन नावानिशी याद्या केल्या आणि प्रत्येकीला बोलावणं दिलं. ज्या गटांत तपासणी होती तिथं दहातल्या जवळजवळ आठ बायका आल्या. याच मराठवाड्यातल्या, शेतात राबणाऱ्या, बहुतेक शाळा न बघितलेल्या. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगानं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४.

दहातल्या आठ आणि शंभरातल्या दोन, यांत फरक बायकांचा नाही. तिथं यादीत नाव होतं आणि कुणी तरी दारात येऊन त्या नावानं हाक मारली होती. यादी करायचं ते सगळ्यात खर्चिक काम आपण ७० कोटी लोकांसाठी उरकलंय. हाक तेवढी राहिली आहे.

मोबाइलवर आलेल्या निरोपानं काय होतंय, असंही म्हणतील. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं नेमकं हेच तपासलं होतं. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतले ५३७ पुरुष निवडले, सगळे साखरेच्या उंबरठ्यावरचे, म्हणजे माझ्या त्या शेतकऱ्यासारखे. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना दिला, पण निम्म्यांना वरचेवर साधे एसएमएस पाठवत राहिले. दोन वर्षांनी, एसएमएस न मिळालेल्यांतले २७ टक्के मधुमेही झाले होते आणि एसएमएस मिळालेल्यांतले १८ टक्के. हा निकाल २०१३ चा आहे. तेव्हा खेड्यात साधे, बटणांचे फोन होते.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती लिहिते. गरोदरपणातली साखर. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं की ती गरोदरपणातली साखर धरायची. अशा बाईचं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, असं राष्ट्रीय मार्गदर्शनात लिहिलेलं आहे, आणि पुढंही तपासत राहायला हवं. कारण बाळंतपणानंतर साखर उतरते, पण पुढच्या आयुष्यात मधुमेह व्हायचा धोका अशा बायकांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. माझ्याकडं पोटुशी असताना १६२ आलेल्या, १७५ आलेल्या बायकांची नावं आहेत. सहा आठवड्यांनी परत आलेली बाई मला बोटावर मोजावी लागते. तेव्हा ती माहेरी असते, बाळाच्या डोसांच्या तारखा सांभाळत असते. माता-बाल कार्डावर बाळाचा प्रत्येक डोस तारखेसह लिहिलेला असतो आणि तो चुकू नये म्हणून आशाताई, एएनएम, अंगणवाडीताई तिघी मागं लागतात. त्या काळात आईला मात्र कुणी विचारत नाही. बाळ वर्षाचं झालं की ते कार्ड कपाटात जातं आणि तिची साखरही त्याच्याबरोबर जाते. पुढं आठ-दहा वर्षांनी ती माझ्याकडं येते ती डोळ्यांना अंधूक दिसतंय म्हणून, किंवा अंगावर खाज थांबत नाही म्हणून. “तुम्हाला गरोदरपणी शुगर होती ना?” असं विचारलं की म्हणते, “ती तेवढ्यापुरती होती, गेली.”

तरुण बाई, तिशीच्याही आतली, सीबॅक फॉर्मच्या वयात न बसणारी. सगळ्यात लवकर आणि सगळ्यात स्वस्तात वाचवता येईल अशी हीच. तिची नोंद सरकारी रजिस्टरात असते, खासगी दवाखान्यात असते, माझ्याकडंही असते. या तीन ठिकाणांना एकमेकांची ओळख पटवून द्यायला आभा क्रमांक होता. तो तिच्या बाळंतपणाच्या नोंदीला जोडा, आणि सहा आठवडे झाले की तिला फोन जाऊ द्या. पुढं दर वर्षी, मुलाच्या वाढदिवसाच्या आसपास. आईला तो दिवस तरी विसरत नाही.

फोन म्हणते आहे, अॅप म्हणत नाही, हे मुद्दाम. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आठ दवाखान्यांत ४,५०० लोकांवर असा प्रयोग झाला होता, निकाल २०१२ मध्ये आला. ऑनलाइन नोंद उघडली की तुमची कुठली तपासणी राहिली आहे ते ती सांगायची. ज्यांनी ती वापरली त्यांच्यात सगळ्या तपासण्या वेळेवर झालेले लोक, न वापरणाऱ्यांच्या दुप्पट होते. पण वापरली किती जणांनी? सहातल्या एकानं. आमच्याकडं पासवर्ड टाकून कोण बघणार आहे? आपलीच ‘किलकारी’ सेवा गरोदर बायकांना आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आयांना दर आठवड्याला फोन करून बोलक्या आवाजात माहिती सांगते, एकूण ७२ निरोप. ते साध्या फोनवर येतात, वाचता यावं लागत नाही. तीच वाट तिशीपुढच्या सगळ्यांना उघडून द्या. आवाज मराठीत असू द्या, आणि पुस्तकी मराठीत नको. ‘उच्च रक्तदाब तपासणी प्रलंबित आहे’ हे ऐकून आमची मावशी फोन ठेवून देईल. “वर्ष झालं, गुरुवारी उपकेंद्रात सिस्टरला भेटा,” असं बोला.

यात एक धोका आहे आणि तो बाईमाणसाच्या वाट्याला जास्त येतो. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतःच्या वापरात मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के होत्या. बाकीच्यांचा नंबर म्हणजे नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा. आमच्या रजिस्टरात एका नंबरावर एका घरातली सात-सात माणसं असतात. तर निरोपात तपासणीचं नाव आणि निकाल कधीही नको. “सिस्टरला भेटायची तारीख आली आहे” एवढं पुरे. मूल पाडल्याची, मनाच्या आजाराची, एचआयव्हीची नोंद अशा आठवणींच्या यंत्रणेत मुळीच गुंतवू नका. एका चुकीच्या निरोपानं घर मोडू शकतं आणि मग आख्खी गल्ली आभाचं नाव घेणार नाही. लोक मला दबक्या आवाजात विचारतात, हे विमेवाल्याला कळेल का, पोराच्या लग्नात आडवं येईल का. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, तुमचं संमतीचं धोरण आहे, हे मी वाचलंय. त्यांनी ते वाचलेलं नाही. संमती घेताना समोर येणारा मजकूर चार ओळींत, मोठ्या अक्षरांत, मराठीत असावा, आणि त्यात ‘नको’ म्हणायचं बटण ‘हो’ एवढंच मोठं असावं.

दुसरा धोका माझ्या धंद्यातला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तपासणीची आठवण करून देणं ही लॅबसाठी जाहिरातच असते. सत्तर-ऐंशी तपासण्यांची पॅकेजं आत्ताच मोबाइलवर येतात. तिशीच्या धडधाकट माणसाला व्हिटॅमिनपासून कर्करोगाच्या मार्करपर्यंत सगळं करायला लावतात, मग एखादा आकडा काठावर निघतो आणि तो माणूस महिनाभर झोपत नाही. नोंदीच्या नावानं हे घरात शिरलं तर लोकांचा पैसा जाईल आणि कामाची तपासणी राहून जाईल. आठवण फक्त राष्ट्रीय यादीतल्या पाच-सहा गोष्टींचीच द्या: बीपी, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख, आणि गरोदरपणातल्या साखरेचा पाठपुरावा. पहिलं ठिकाण सरकारी उपकेंद्र सांगा. त्यात आमचं नुकसान होईल, होऊ द्या.

आणि बोलावलंत तर तिथं कुणी तरी असलं पाहिजे. रोज बुडवून, वडापला पैसे देऊन बाई उपकेंद्रात आली आणि स्ट्रिप संपल्यात, सिस्टर ट्रेनिंगला गेली, असं ऐकून परतली, तर दुसऱ्या हाकेला ती येणार नाही. साठा आणि माणूस दोन्ही जागेवर आहेत असं त्या उपकेंद्रानं नोंदवल्याशिवाय त्या गावात फोन जाऊ नये.

जानेवारी २०२३ मध्ये रुग्णालयांना आणि लॅबना डिजिटल नोंदींच्या संख्येवर प्रोत्साहनाची रक्कम देणारी योजना आपण सुरू केली. ती मोजणी बदला अशी विनंती आहे. काठावरचा रिपोर्ट आलेला माणूस वर्षाच्या आत पुन्हा तपासला गेला, त्याचे पैसे द्या. आशाताईलाही कार्डामागं देण्यापेक्षा अशा परत आलेल्या माणसामागं द्या. मग बघा गाव कसं पालथं घालते ती.

लहान लॅबसाठीही काही करावं लागेल. आमचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका मुलानं लिहिलेलं आहे, दर वर्षी त्याला फोन करून नूतनीकरण करतो. आपल्या यंत्रणेशी जोडायचं म्हटलं की तो चाचण्या, प्रमाणपत्रं आणि खर्च सांगतो, आमचे मालक मान हलवतात. तालुक्याला एक माणूस द्या जो येऊन बसेल आणि जोडून देईल. वीज जोडायला वायरमन येतो, तसा.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नानंतर मी एक काम सुरू केलंय. रोज संध्याकाळी लॅब बंद करायच्या आधी वर्षभरापूर्वीची त्याच तारखेची यादी काढते. काठावरचे आकडे असलेल्यांना आधी रिपोर्ट देतानाच विचारून ठेवलेलं असतं, पुढच्या वर्षी फोन केला तर चालेल ना. ‘हो’ म्हणालेल्यांना फोन लावते. दिवसाला सहा-सात होतात. कुणी उचलत नाही, कुणाचा नंबर बदललेला असतो. पण परवा एक जण आले, ६.३ वरून ५.८ वर. रिपोर्ट घेऊन बाहेर गेले आणि पुन्हा आत येऊन म्हणाले, पुढच्या वर्षी पण लावा फोन.

माझी यादी एका लॅबची आहे आणि ती मी वहीत लिहिते. उद्या मी आजारी पडले तर ती बंद. आपल्याकडं ७० कोटींची आहे. आपला माणूस आमच्या तालुक्यात कधी येतो ते कळवावं. सोळा वर्षांच्या नोंदी या संगणकात आहेत. ज्यांची ज्यांची संमती मिळेल, त्या जोडायला मी सुट्टीच्या दिवशीही लॅब उघडून बसेन.

आपली,
एक लॅब टेक्निशियन,
सोलापूर जिल्हा